आम्ही जखमा दाखवायला आलो नव्हतो

आमच्या केंद्रावर बायका बाजाराच्या दिवशी येतात. इतर दिवशी घरून निघायला कारण द्यावं लागतं, बाजाराला द्यावं लागत नाही. हातात पिशवी असते, पिशवीत वांगी-मिरच्या असतात, आणि परतीच्या गाडीला थोडा वेळ असतो. तेवढ्या वेळात त्या आमच्या दारातून आत शिरतात. बसतात. पदराने तोंड पुसतात. बहुतेक जणी पहिल्या दिवशी काहीच सांगत नाहीत. "सहजच आली होती" म्हणतात आणि पाणी पिऊन निघून जातात. पुढच्या बाजाराला पुन्हा येतात.

भंडारा जिल्ह्याच्या दक्षिण टोकाकडे, तालुक्याच्या गावात, एका राईस मिलच्या मागे भाड्याच्या दोन खोल्या आहेत. तेच आमचं केंद्र. मिल चालू असली की भिंती थरथरतात आणि टेबलावर, रजिस्टरांवर, आमच्या केसांवरही कोंड्याचा पिवळसर थर बसतो. पण त्या घरघरीत आत कोणी रडलं तरी बाहेर ऐकू जात नाही. चांगल्या जागेत हलायचा विषय निघाला होता तेव्हा आम्ही दोघींनीही नको म्हटलं ते एवढ्यासाठीच.

दोघी म्हणजे मी आणि माझी सहकारी. ती माझ्यापेक्षा बरीच लहान, कायदा शिकलेली, तोंडाची फटकळ. मी जुनी. आमचं काम सांगायला सोपं आहे. जिला घरात मार बसतो, किंवा जिच्यावर कोणी जबरदस्ती केली आहे, तिचं ऐकून घ्यायचं, आणि मग तिला जिथे जायचं असेल तिथे तिच्यासोबत जायचं. ठाण्यात, दवाखान्यात, कोर्टात. एकटी बाई उभी असते. तिच्यासोबत कोणी असलं की तिला खुर्ची मिळते. एवढ्या खुर्चीसाठीसुद्धा माणूस लागतं, गाडी लागते, फोन लागतो.

त्यासाठी सरकारी अनुदान यायचं. एका उन्हाळ्यात ते यायचं थांबलं. बंद केलं असं कोणीच म्हणालं नाही. योजनेचा आढावा चालू आहे, असं फोनवर सांगितलं. आढावा होईपर्यंत थांबा. आम्ही थांबलो. घराघरांतला मार काही थांबला नाही.

पहिल्यांदा गेली ती गाडी. मग फोन फक्त येणारा राहिला. आमचं मानधन बंद झालं त्याबद्दल मी फार बोलणार नाही, कारण लोक नेमकं तेवढंच ऐकतात. घरमालक भला होता, त्याने खोल्या रिकाम्या करायला सांगितलं नाही, एवढं सांगते.

ही गोष्ट गावात पसरली तेव्हा मला एक नवीनच अनुभव आला. लोक आमच्यावर खूश झाले. पगार नसताना काम करतात म्हणून आमचं कौतुक सुरू झालं. एका मंडळाचे अध्यक्ष स्वतः केंद्रावर आले. खुर्चीवरचा कोंडा रुमालाने झटकून बसले आणि म्हणाले, "ताई, तुम्ही खरी समाजसेवा करून राहिल्या. आमचा विचार आहे, तुम्हा दोघींचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करावा."

माझी सहकारी म्हणाली, "शाल नको साहेब. गाडीचं भाडं द्या."

ते हसले. त्यांना ती गंमत वाटली. मी म्हटलं, "ती गंमत करत नाही."

"पण ताई, सेवेला पैशाची अट कशाला?"

"तुमच्या वॉर्डात नाली बांधली त्या ठेकेदाराचा सत्कार केला होता का तुम्ही? त्याला बिल दिलं ना?"

ते उठून गेले. सत्कार झाला नाही. पुढे बरेच दिवस ते मला रस्त्यात दिसले की दुसऱ्या बाजूने जायचे. मला त्याचं वाईट वाटलं नाही. सेवा हा शब्द मला तेव्हापासून टोचतो. चुलीपासून दवाखान्यापर्यंत बाईचं सगळं काम सेवा म्हणून फुकटात करून घ्यायचं, आणि बाईला मार बसला तर तिला सोडवायचं कामही दुसऱ्या बाईने सेवा म्हणूनच करायचं. मी सेवा करत नाही. मी काम करते. ते काम करवून घेणं सरकारचं कर्तव्य आहे, तसं कायद्यात लिहिलेलं आहे.

हे सगळं चालू असतानाच धानाच्या रोवणीचे, लावणीचे दिवस आले आणि दिघोरीकडच्या एका खेड्यातली ती मुलगी आमच्याकडे आली.

त्या दिवशी बाजार नव्हता. ती दारात उभी राहिली तेव्हा तिच्या पायांवर गुडघ्यापर्यंत चिखल वाळला होता. लुगडं खोचलेलंच होतं. उजवा हात तिने डाव्या हाताने असा धरला होता, जसं कोणी दुसऱ्याचं लेकरू सांभाळतं. वय विशी-बाविशीचं. लग्नाला फार वर्षं झाली नव्हती.

"इथं बायकाईचं पायतेत म्हनते," ती म्हणाली, "थेच का हे?"

मी तिला आत घेतलं. मनगट सुजून काळंनिळं झालं होतं. काय झालं ते तिने त्याच दिवशी सांगितलं. आदल्या दिवशी नवऱ्याने काठी उगारली, तिने हात वर केला म्हणून डोकं वाचलं. घरात कोणी मध्ये पडलं नाही. सकाळी सगळे रोवणीला निघाले. तिलाही चल म्हटलं. धानाच्या बांधीतल्या चिखलात उतरल्यावर उजव्या हातात पऱ्ह्यांची, कोवळ्या रोपांची जुडी धरवेना, तेव्हा सासू म्हणाली, डाव्या हातानं लाव. तिने दुपारपर्यंत डाव्या हाताने धान लावलं. जेवणाला सगळे धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसले तेव्हा ती हात धुवायला म्हणून उठली, आणि धुऱ्याधुऱ्याने चालत डांबरी रस्त्याला लागली. एसटीत बसली. तिकिटापुरते पैसे कमरेला होते.

"जेवली का?" मी विचारलं.

"नाई."

माझ्या सहकारीने आपला डबा तिच्यापुढे उघडला. ती डाव्या हाताने जेवली. सवय नसल्याने भाताची शितं सांडत होती आणि ती एकेक शीत वेचून परत डब्यात ठेवत होती.

एक्स-रेला दुसऱ्या गावी जावं लागणार होतं. गाडी नव्हती, म्हणून आम्ही तिघी एसटीनेच निघालो. गाडीत रोवणीच्या बायकांची गर्दी. प्रत्येक खड्ड्याला तिचा चेहरा पांढरा पडायचा. समोरच्या एका बाईने विचारलं, "काय झालं वो हाताले?"

"पडली मी," ती म्हणाली.

त्या बाईने मनगटाकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. उठून आपली जागा तिला दिली आणि धक्के लागू नयेत म्हणून शेवटपर्यंत आडवी उभी राहिली. मी दांडीला धरून उभी होते आणि माझं डोकं तापलं होतं. मोडलेला हात घेऊन एखादी पोर बांधीतून पळून येते, आणि तिला दवाखान्यात न्यायला एक गाडी नाही. का, तर आढावा चालू आहे.

हाड मोडलं होतं. प्लास्टर घातलं. ठाण्यात तक्रार झाली. रात्र पडता पडता दोन्ही कामं उरकली, आणि खरा प्रश्न पुढे आला. ही राहणार कुठे?

तिने माहेरी फोन लावला. वडिलांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "रोवनी होऊ दे पोरी, मंग पाहू." तिने फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं नाही. आमच्या तालुक्यात अशा बाईला ठेवायला सरकारी निवारा नाही. जिल्ह्याच्या गावाला सोय होऊ शकत होती, पण ती तयार होईना. आयुष्यात ती भंडाऱ्याला एकदाच गेली होती. "तिथं मले कोन ओळखते?" एवढंच म्हणत राहिली. केंद्रात मागच्या खोलीत एक खाट होती, पण रात्री तिच्याजवळ थांबणारी बाई अनुदानाबरोबरच गेली होती.

तेव्हा मला काकू आठवल्या.

काकूंचं गाव वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. आता त्या पुनर्वसनाच्या गावात राहतात, सरळ आखलेल्या रस्त्यांच्या आणि एकसारख्या प्लॉटांच्या वस्तीत. पुष्कळ वर्षांपूर्वी त्या आमच्याकडे आल्या होत्या. शेतीचा मोबदला नवऱ्याच्या नावाने आला, आणि आधी कधीमधी पिणारा तो माणूस रोज पिऊ लागला. काकूंनी कोर्टातून घराचा अर्धा भाग स्वतःसाठी मिळवला आणि मध्ये भिंत घातली. नवरा त्या भिंतीपलीकडे राहिला आणि तिकडेच मेला. मोबदल्याच्या धरण्यात काकू पुढे बसलेल्या असत, त्यामुळे सरकारी माणसाशी बोलताना त्यांचा आवाज कधी खाली आलेला मी पाहिला नाही. आता चार बकऱ्या आणि परसातली भाजी यांवर त्यांचं चालतं.

मी फोन केला. काकू म्हणाल्या, "आन तिले. इचारून काय राहिली?"

ती पोर काकूंकडे राहिली. सकाळी बकऱ्यांना पाला टाकायची, डाव्या हाताने अंगण झाडायची. काकू तिला काहीही विचारत नसत. आम्ही भेटायला गेलो की ती थोडी थोडी बोलती झालेली दिसायची.

एका सकाळी मी तिला प्लास्टर दाखवायला नेण्यासाठी गेले होते. आम्ही निघणार तेवढ्यात दाराशी मोटरसायकल थांबली. नवरा आणि त्याचा चुलता. ठाण्यातून बोलावणं गेलं होतं, जामिनावर सुटला होता, आणि पत्ता कोणाकडून तरी लागला होता. काकू उंबऱ्यावर बसून भाजी निवडत होत्या. त्या उठल्या नाहीत. मुलगी आतल्या खोलीत गेली.

"चाल घरी," तो आतल्या दिशेने बोलला. "रोवनी अर्धी राहिली."

"बस गा," काकू म्हणाल्या. "पानी देऊ का?"

"पानी नोको. बायको न्याले आलो."

"थे का बकरी हाय, दोर सोडून न्याले? तिले इचार."

चुलता समजुतीच्या सुरात म्हणाला, "बाई, रागात झालं. कोनाच्या घरी होत नाई?"

"माह्या घरी झालं ना," काकू म्हणाल्या. "म्हून तर इथं बसून आहो."

नवरा एक पाऊल पुढे आला. मी मध्ये उभी राहिले आणि हातातल्या फोनवर ठाण्याचा नंबर लावला. तो मला म्हणाला, "तुमी कोन?" मी सांगितलं, कोण ते. तो काकूंच्या डोक्यावरून आत बघत म्हणाला, "बाहेर ये. दवाखान्याचा खर्च देतो मी."

आतून आवाज आला. बारीक, पण स्पष्ट. "मी नाई येत."

"काय म्हनते?"

"नाई येत म्हनलं."

तोवर शेजारच्या घरांतून बायका बाहेर आल्या होत्या. कोणाच्या हातात धुणं, कोणाच्या कडेवर पोर. नुसत्या आपापल्या अंगणात उभ्या राहून बघत होत्या. चुलत्याने पुतण्याचा दंड धरला. मोटरसायकल गेली.

मला वाटलं काकू आता हसतील, दोन शिव्या देतील. त्यांनी भाजीचं सूप बाजूला ठेवलं.

"मले लय भेव वाटलं वो," त्या म्हणाल्या.

"काकू, तुमच्यामुळे तर..."

"नाई, आयक माहं. त्याच्या हातात काही असतं त मी काय केलं असतं? मी म्हतारी बाई. तुमी लोक म्हनता, काकू लय हिंमतवाली. हिंमतीवर नोको चालवा हे काम. सरकारले सांग, आमाले एक घर दे. त्या घराले चांगली कडी दे. दारात एक बाई बसव, तिले पगार दे. मंग मी माह्या बकऱ्या पाहीन."

मी त्या दिवशी परतताना एसटीत हेच घोळवत होते. वर्षानुवर्षं मी भाषणांत 'सक्षमीकरण' असले शब्द वापरले, त्यांपैकी एकही शब्द इतका कामाचा नव्हता. घर, कडी, पगार मिळणारी बाई. एवढंच मागायचं होतं.

मागायला जायची संधी लवकरच आली. जिल्ह्याच्या कचेरीतून साहेबांचा फोन आला. हे साहेब दुसऱ्या जिल्ह्यातून बदलून आलेले, सभ्य, आवाज न चढवणारे. ते म्हणाले, "मॅडम, वरती तुमच्या केंद्राचा विषय मांडायचा आहे. दोन-तीन चांगल्या केसेस घेऊन या. बायकांनाच बोलू द्या, परिणाम होतो. आधीचे-नंतरचे फोटो असतील तर उत्तम."

"आधीचे म्हणजे?"

"म्हणजे... जखमांचे वगैरे."

मी म्हटलं, "ते फोटो कोर्टासाठी असतात, साहेब."

"चेहरा झाकू ना आपण. तुमच्याच भल्यासाठी सांगतो."

मी विचार करून कळवते म्हटलं. माझी सहकारी शेजारी बसून सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "ताई, एखादी तयार होईल. आपल्याला पैसे तर पाहिजेत." तिचं चूक नव्हतं. तीही कित्येक महिने बिनपगारी होती आणि तिच्या घरी म्हातारे आईवडील होते. आमची त्यावरून जोरात वादावादी झाली. ती म्हणाली, तुमचा तत्त्वाचा ताठा केंद्राला बुडवेल. मी म्हटलं, बुडालं तर बुडू दे, पण बाईचा मार विकून मी भाडं भरणार नाही. ती रागाने उठून घरी गेली. दुसऱ्या सकाळी माझ्या आधी येऊन तिने खोली झाडून ठेवली होती. टेबलावर कायद्याचं पुस्तक उघडं होतं. "बायका नेऊ," ती म्हणाली. "पण दोन-तीन नाही. येतील तेवढ्या. आणि बोलायचं आपण."

आम्ही फोन केले. काकूंनी त्यांच्या वस्तीतून निरोप धाडले. ज्या बायका कधीतरी आमच्या दारातून आत आल्या होत्या, त्यांच्यातल्या पुष्कळ जणी आल्या. काही जणी नाही आल्या, त्यांना येता येण्यासारखं नव्हतं. धान लावून झालं होतं, त्यामुळे घरून निघणं जमलं. कोणी दवाखाना सांगितला, कोणी बँक. दोघीतिघींनी घरी खरं सांगितलं होतं, आणि ते त्या गाडीत सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगत होत्या.

एसटीत मी सीटसीटवर जाऊन एकच गोष्ट बोलत होते. "तिथे कोणी काही विचारलं तरी सांगायचं नाही. तुमच्यावर काय बेतलं ते दाखवायला आपण चाललो नाही."

मागच्या सीटवरची एक बाई म्हणाली, "पन मले सांगाचं आहे, ताई. मले कोनी इचारलंच नाई आजवर."

मी तिच्याजवळ बसले. या बाईला गप्प करायचा मला काय हक्क होता? मी म्हटलं, "तुला सांगावंसं वाटतं म्हणून सांग. पैसे मिळावेत म्हणून सांगू नको." तिने मान हलवली. तिला ते पटलं की नाही, मला अजून माहीत नाही.

कारध्याच्या पुलावर गाडी आली तेव्हा वैनगंगा दोन्ही काठ भरून वाहत होती. ती पोर खिडकीशी होती, प्लास्टरचा हात मांडीवर. एवढं पाणी तिने कधी पाहिलं नव्हतं. काकू तिला म्हणाल्या, "पाय, माह्या गावाकडे चाललं."

कचेरीत शिपायाने दारातच हात आडवा केला. पाच जणीच आत जातील. काकू म्हणाल्या, "मंग साहेबाले बाहेर बोलाव." शेवटी साहेबांनीच मोठ्या हॉलमध्ये बसायला सांगितलं. बायका खुर्च्यांवर बसल्या. काही जणी सवयीने खाली बसायला लागल्या, त्यांना माझ्या सहकारीने उठवून खुर्चीवर बसवलं.

साहेब म्हणाले, "बरं झालं आलात. बोला. कोण बोलणार?"

"मी," मी म्हटलं.

"तुमचं मी ऐकलंय मॅडम. या ताईंना बोलू द्या."

"त्या बोलणार नाहीत. त्या अनुदान मागायला आल्या आहेत."

"पण गरज काय आहे ते समजायला नको का? खरं सांगू, आपला जिल्हा शांत आहे. नोंदी कमी आहेत. मला वर काहीतरी दाखवावं लागतं."

"नोंद कोण करणार साहेब? केंद्राला ना गाडी, ना माणूस. दवाखाना बंद केला की आजारी लोकांची नोंद कमीच होते." माझा आवाज चढला होता, मी तो तसाच राहू दिला. "लोक तुमच्याकडे रस्ता मागायला येतात, तेव्हा तुम्ही त्यांना पाय दाखवा म्हणता का? ठेचा किती लागल्या, रक्त किती आलं, फोटो काढून आणा म्हणता का? तलावाच्या दुरुस्तीसाठी येतात, त्यांना रडून दाखवा म्हणता का? मग यांनाच का?"

साहेब चिडले नाहीत, पण त्यांनाही त्यांचं म्हणणं होतं. "रस्त्याला स्वतंत्र लेखाशीर्ष आहे. तुमच्या विषयाला दरवर्षी मागणी करून तरतूद करून घ्यावी लागते. मी एकटा काही करू शकत नाही."

"मग ही मागणी आहे," माझी सहकारी म्हणाली, आणि तिने कायद्याचं कलम वाचून दाखवलं. बाईला मदत, वैद्यकीय उपचार आणि निवारा मिळण्याची जबाबदारी कोणाची आहे, ते. तिने ते शेवटपर्यंत वाचलं. मग मी सांगितलं. तालुक्याला एक घर, दाराला कडी, दारात बसणारी पगारी बाई. गाडी. दोन समुपदेशक, दरमहा मानधनावर.

साहेब लिहून घेत होते. लिहिता लिहिता त्यांची नजर पहिल्या रांगेतल्या प्लास्टरवर गेली. त्यांनी खरोखरच काळजीने विचारलं, "तुमच्या हाताला काय झालं?"

मी काही बोलणार होते. पण ती उठून उभी राहिली.

"मोडला," ती म्हणाली. "कोनं मोडला थे मी कोर्टात सांगनार हाव. इथं नाई सांगत."

आणि बसली. काकूंनी पिशवीतून भाकरीचं गाठोडं काढलं आणि सगळ्यांना वाटायला लागल्या. "खाऊन घ्या," म्हणाल्या. "साहेब लिवून राहिले तोवर." आम्ही त्या हॉलमध्ये चटणी-भाकर खाल्ली. शिपायाने पाण्याचा जग आणून ठेवला. एसटीत मागच्या सीटवर बसलेल्या त्या बाईने मात्र बाहेर पडताना साहेबांना थांबवलं आणि पाच मिनिटं त्यांच्याशी काहीतरी बोलली. साहेब मान खाली घालून ऐकत होते. तिने काय सांगितलं ते मी विचारलं नाही.

आम्ही जिंकलो, असं लिहायला मला आवडलं असतं. पुढच्या आर्थिक वर्षात अनुदान सुरू झालं, पण कापून. समुपदेशक दोनऐवजी एकच मंजूर झाली. आम्ही दोघी ते मानधन अर्धं अर्धं घेतो आणि दरवेळी त्याविरुद्ध लेखी हरकत नोंदवतो. गाडी मिळाली, तीही आठवड्यातले काही दिवस. जणू उरलेल्या दिवशी कोणी कोणाला मारत नाही. निवाऱ्याचा प्रस्ताव 'विचाराधीन' आहे. ते साहेब बदलून गेले. नवीन आले. त्यांना सगळं पहिल्यापासून सांगितलं.

त्या पोरीचा खटला अजून चालू आहे. साक्ष झाली. ती उभी राहिली आणि बोलली, वकिलाने उलटसुलट विचारलं तरी बोलत राहिली. मी मागच्या बाकावर होते. आता ती तालुक्याच्या गावात आणखी एका बाईबरोबर खोली करून राहते आणि बचत गटाच्या खानावळीत पोळ्या लाटते. मनगट पुरतं वळत नाही, म्हणून पोळी गोल होत नाही. गिऱ्हाईक तक्रार करत नाही. नवऱ्याकडून एकदा समेटाचा निरोप आला होता. तिने तो घेऊन येणाऱ्याला खानावळीत जेवू घातलं, जेवणाचे पैसे घेतले आणि परत पाठवलं.

आता अर्थसंकल्पाआधीच्या प्रत्येक बैठकीला आम्ही जातो. बोलावणं असो नसो. मागच्या खेपेला नवे साहेब जरा वैतागून मला म्हणाले, "मॅडम, अनुदान सुरू केलं, गाडी दिली. तुमचं समाधान कधी होणार?"

"घर मिळालं की सांगते," मी म्हटलं.

"आणि घर मिळाल्यावर?"

"दुसऱ्या तालुक्यांतही घर लागेलच ना, साहेब."

त्यांनी मला बसायला खुर्ची दिली. काकू माझ्या शेजारी बसल्या होत्या, त्यांना तेव्हा खोकला झालेला होता, तरी आल्या होत्या. बैठकीची तारीख कळली की आता बायका स्वतःच फोन करतात आणि सकाळची कोणती गाडी धरायची ते विचारतात.